परदेशातील विवाह : कागद आणि छायाचित्र

लग्नाचे वऱ्हाड दूरदेशी जाणे ही महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांना नवी गोष्ट नव्हे. इंदूरची मुलगी पुण्यास, बडोद्याचा मुलगा बेळगावास, ग्वाल्हेरचे वऱ्हाड हैदराबादेस, असा हा प्रवास कैक पिढ्या चालत आला आहे. बैलगाडी गेली, आगगाडी आली. पण वऱ्हाड जेथे उतरे तेथे याज्ञिक तोच विधी सांगत, मंगलाष्टके त्याच चालीवर म्हटली जात, आणि झालेले लग्न दोन्ही गावांना सारखेच मान्य असे. आता वऱ्हाड विमानाने निघते. थायलंडचा समुद्रकिनारा, इंडोनेशियातील बाली बेट, इटलीतील एखादे सरोवर, अशा ठिकाणी मांडव पडतो. पाहुणे मोजके असतात, देखावा मनोहर असतो आणि छायाचित्रकार महिनोन्‌महिने अगोदर ठरलेला असतो. मात्र त्या भूमीवर लागलेले लग्न कोणत्या कायद्याने लग्न ठरते, हा प्रश्न पुष्कळदा निमंत्रणपत्रिका छापून झाल्यावरच कोणाला तरी सुचतो.

हा प्रश्न केवळ वकिलांच्या कुतूहलाचा नव्हे. पतीबरोबर परदेशी राहण्याचा परवाना, मुलाच्या जन्माची नोंद, विम्याची रक्कम, निवृत्तिवेतन, वारसा, आणि दुर्दैवाने संसार मोडला तर पोटगी, या प्रत्येक ठिकाणी विवाहाचा पुरावा मागितला जातो. परदेशस्थ पतीने टाकून दिलेल्या स्त्रियांचा प्रश्न आपल्याकडे इतका वाढला, की अनिवासी भारतीयांच्या विवाहाची नोंदणी तीस दिवसांत सक्तीची करण्यासाठी २०१९ च्या फेब्रुवारीत राज्यसभेत एक विधेयक मांडण्यात आले. त्याचा कायदा झाला नाही; परंतु २०२४ मध्ये विधि आयोगाने आपल्या २८७ व्या अहवालात अशा विवाहांची नोंदणी सक्तीची असावी, अशीच शिफारस केली. ज्या स्त्रीजवळ सुंदर छायाचित्रांचा संग्रह आहे पण दाखला नाही, तिची कुचंबणा या शिफारशीच्या मुळाशी आहे.

तेव्हा प्रथम मूळ नियम पाहू. विवाह परदेशी होतो तेव्हा दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. वधूवर विवाहास पात्र आहेत काय, म्हणजे त्यांचे वय, त्यांचे परस्परांशी नाते, पूर्वीच्या विवाहबंधनातून झालेली मुक्तता, हे सामान्यतः त्यांच्या स्वतःच्या देशाच्या कायद्याने ठरते. विवाह कोणत्या रीतीने लावावा, हे मात्र सामान्यतः ज्या भूमीवर तो लागतो तेथील कायद्याने ठरते. पहिला कायदा वधूवरांबरोबर प्रवास करतो. दुसरा त्या भूमीवरच राहतो. या दोहोंचा मेळ घालणे हीच परदेशातील विवाहाची कायदेशीर तयारी होय.

हा मेळ प्रत्येक देशात निराळा पडतो. थायलंडमध्ये तेथील नागरी संहितेनुसार विवाह नोंदणीनेच होतो. किनाऱ्यावर कितीही थाटाने मंगलाष्टके झाली, तरी जिल्हा कचेरीतील अधिकाऱ्यासमोर नोंद होईपर्यंत त्या देशाच्या दृष्टीने विवाह झालेला नसतो. त्या नोंदीसाठी परकीय नागरिकाला आपण विवाहास मोकळे आहोत असे प्रतिज्ञापत्र आपल्या वकिलातीत करावे लागते, त्याचे थाई भाषांतर करावे लागते आणि ते तेथील परराष्ट्र खात्याकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. हे काम सुट्टीच्या दोन दिवसांत उरकत नाही.

बाली बेटाची गोष्ट याच्या उलट आहे. इंडोनेशियाच्या १९७४ च्या विवाहकायद्याप्रमाणे विवाह प्रथम वधूवरांच्या धर्मानुसार लागला पाहिजे आणि मग त्याची नोंद झाली पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने तेथे वधू आणि वर या दोघांनाही किमान १९ वर्षांची अट आहे. वधूवर एकाच धर्माचे असावेत ही तेथील कायद्याची अपेक्षा असून, भिन्नधर्मीयांच्या विवाहाच्या नोंदीस परवानगी देऊ नये, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये खालच्या न्यायालयांना परिपत्रकाने कळविले आहे. बालीत बहुसंख्य लोक हिंदू आहेत, म्हणून हिंदू जोडप्यास तेथे आपलेपणा वाटतो. पण वर हिंदू आणि वधू ख्रिस्ती असेल, तर त्याच बेटावर केवळ समारंभ होऊ शकेल, कायदेशीर विवाह नव्हे.

फ्रान्समध्ये अडचण वास्तव्याची आहे. विवाह नगरपालिकेत, महापौरासमोर किंवा त्याच्या प्रतिनिधीसमोर लागतो. आणि वधूवरांपैकी एकाचे, अथवा त्यांच्या आईवडिलांपैकी कोणाचे, त्या गावी घर किंवा निदान एक महिन्याचे सलग वास्तव्य असावे लागते. त्याखेरीज दहा दिवस जाहीर सूचना लागते. नागरी विवाह होण्यापूर्वी धार्मिक विवाह लावण्याचा परिपाठ ठेवणाऱ्या धर्मोपदेशकास तेथील दंडसंहितेत शिक्षाही सांगितली आहे. म्हणून पॅरिसला केवळ विधी करू इच्छिणाऱ्यांनीही आपला विवाह अगोदरच झाल्याचा दाखला जवळ बाळगणे शहाणपणाचे.

इटली त्या मानाने परकीयांना सोयीची. वधूवरांच्या देशाच्या अधिकाऱ्याने ‘या विवाहास काही अडथळा नाही’ असे पत्र द्यावे लागते. त्यास तेथे ‘नुल्ला ओस्ता’ म्हणतात. वधूवरांना इटालियन येत नसेल तर दुभाषी हजर ठेवावा लागतो. २०१७ च्या डिसेंबरात विराट कोहली व अनुष्का शर्मा यांचा विवाह टस्कनीत झाला, आणि २०१८ च्या नोव्हेंबरात दीपिका पदुकोण व रणवीर सिंग यांचा विवाह कोमो सरोवराकाठच्या बाल्बियानेल्लो वाड्यात कोकणी आणि शीख अशा दोन्ही पद्धतींनी झाला. तेव्हापासून इटलीची ओढ भारतीय कुटुंबांना अधिकच लागली आहे. देखावा सर्वांनी पाहिला. त्यामागे कोणती कागदपत्रे लागतात, याची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली.

आता भारतीय कायदा काय म्हणतो ते पाहिले पाहिजे. परदेशात, निदान एक पक्ष भारतीय नागरिक असेल तर, १९६९ च्या परदेशी विवाह अधिनियमाखाली आपल्या वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यासमोर विवाह करता येतो. परंतु त्यासाठी वधूवरांपैकी एकाने त्या अधिकाऱ्याच्या क्षेत्रात तीस दिवस राहून मग नोटीस द्यावी लागते. ती प्रसिद्ध होते, आणि हरकतींसाठी आणखी तीस दिवस थांबावे लागते. विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत, उघड्या दारांनी, निदान तीन साक्षीदारांसमक्ष लागतो. ही सोय तेथे नोकरीनिमित्त राहणाऱ्यांसाठी आहे. आठवड्याभराच्या वऱ्हाडासाठी नव्हे. त्याच अधिनियमात दुसरी तरतूद अशी आहे, की परदेशात तेथील कायद्याप्रमाणे रीतसर लागलेल्या विवाहाची नोंद आपल्या विवाह अधिकाऱ्याकडे मागाहून करून घेता येते. मात्र ‘तेथील कायद्याप्रमाणे’ हे शब्द विसरता येत नाहीत. थायलंडच्या किनाऱ्यावर सात फेरे झाले पण जिल्हा कचेरीत नोंद झाली नाही, तर या तरतुदीचा आधार मिळणे कठीण.

तिसरा कायदा १९५५ चा हिंदू विवाह अधिनियम. भारतात कायमचे घर असलेले हिंदू परदेशी गेले तरी तो त्यांना लागू राहतो, असे त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे. त्याच्या सातव्या कलमाने विवाह वधू किंवा वर यांपैकी एका पक्षाच्या रूढ विधीने लागावा लागतो. आणि त्या विधीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. म्हणजे येथे विवाह विधीने होतो, आठव्या कलमाखालची नोंदणी त्याचा पुरावा ठरते. ख्रिस्ती, मुस्लिम आणि पारशी कुटुंबांचे विवाहकायदे निराळे आहेत. त्यांनी आपापल्या कायद्याचा सल्ला स्वतंत्रपणे घ्यावा.

विधीचे हे महत्त्व न्यायालयांनी वेळोवेळी अधोरेखित केले आहे. १९६५ मध्ये महाराष्ट्रातील एका द्विभार्या प्रतिबंधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की आवश्यक संस्कार झाल्याचे सिद्ध झाले नाही, तर त्या समारंभाला कायद्याच्या अर्थाने विवाह म्हणता येत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयापुढे एक निराळी कथा आली. दोन तरुण वैमानिकांनी विधी न करताच एका संस्थेकडून विवाहाचे प्रमाणपत्र घेतले, त्याआधारे सरकारी नोंदणीही केली, आणि खरा समारंभ पुढे करण्याचे ठरविले. तो झालाच नाही. न्यायालयाने सांगितले, की संस्कारावाचून मिळविलेल्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही. आणि विवाह हा काही गाण्यानाचण्याचा व खाण्यापिण्याचा प्रसंग नव्हे, असेही तरुण पिढीस बजावले.

या निकालाचा परदेशातील लग्नाशी अगदी जवळचा संबंध आहे. कारण व्हिसाच्या घाईने ‘कागद आधी करून घेऊ, विधी पुढे परदेशात करू’ असे म्हणणारी कुटुंबे आज पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढे दोन सरळ मार्ग आहेत. १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमाखाली घरच्या जिल्ह्यात विवाह करावा. त्यात तीस दिवसांचे वास्तव्य, तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात, व नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह लावावा लागतो. किंवा घरच्या घरी चार जवळच्या माणसांसमक्ष होम व सप्तपदीसह संक्षिप्त वैदिक विधी करावा आणि त्याची नोंदणी करावी. मग परदेशातील सोहळा निर्धास्तपणे साजरा करता येतो. दोहोंपैकी काही केले तरी एक पथ्य पाळलेच पाहिजे : विवाहाची कायदेशीर तारीख पहिली, सोहळ्याची नव्हे. प्रत्येक अर्जात तीच लिहावी. नाहीतर दाखल्यावर एक तारीख आणि छायाचित्रांवर दुसरी, असा घोळ एखाद्या परकीय अधिकाऱ्याच्या मनात नसता संशय उत्पन्न करतो.

घरी विवाह करून निघण्यास आणखी एक कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. कर्नाटकात १९७६ चा, महाराष्ट्रात १९९८ चा, एकत्र आंध्र प्रदेशात २००२ चा, गुजरातेत २००६ चा कायदा आणि मध्य प्रदेशात २००८ चे नियम झाले. या सर्वांचा भर त्या त्या राज्यात लागलेल्या विवाहांवर आहे. म्हणून बेळगाव, बडोदा किंवा इंदूर येथील निबंधकापुढे ‘विवाहाचे स्थळ : फुकेत’ असा अर्ज गेला की अडचण उभी राहते. गोव्यात तर नागरी नोंदणी हाच विवाहाचा कायदेशीर गाभा आहे. निबंधकाकडे इच्छेची पहिली सही, जाहीर सूचना आणि ठरलेल्या मुदतीनंतर साक्षीदारांसह दुसरी सही, हा क्रम गोमंतकीयांच्या अंगवळणी पडलेला आहे. शिवाय तेथे जुन्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, निराळा करार नसेल तर, विवाहाबरोबर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते. निराळा करार हवा असल्यास तो विवाहापूर्वीच रीतसर नोंदवावा लागतो आणि मागाहून बदलता येत नाही. गोमंतकीय कुटुंबाने हा निर्णय समुद्रापार नेऊन सोडविण्याची वाट पाहू नये.

येथवर कागदाचा विचार झाला. छायाचित्राचा संबंध आता ध्यानात येईल. जेथे विवाह सहीने होतो तेथे छायाचित्र ही केवळ आठवण असते. जेथे विवाह विधीने होतो तेथे विधीचे छायाचित्र हा पुरावाही ठरू शकतो. पण छायाचित्रकार नेमका कशाचे चित्र घेतो ? मराठी लग्नात आंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, हार घातले जातात, आणि पाहुण्यांच्या मनात लग्न लागलेले असते. मग पंगत बसते. विवाहहोम, लाजाहोम आणि सप्तपदी यांच्या वेळी मांडवात याज्ञिक, वधूवर आणि मोजकी वडीलधारी मंडळीच उरतात. छायाचित्रकारही याच सुमारास जेवावयास बसलेला असतो, नाहीतर पाहुण्यांच्या रांगा लावून त्यांची चित्रे घेत असतो. म्हणजे ज्या क्षणी कायद्याच्या दृष्टीने विवाह पूर्ण होतो, नेमका त्याच क्षणी कॅमेरा तेथे नसतो.

परदेशात हा धोका दुप्पट होतो. इटलीतील किंवा थायलंडमधील छायाचित्रकार आपल्या कलेत निष्णात असेल. त्याला सूर्यास्त कळतो, हळदीचा पिवळा रंग कळतो, पण सप्तपदी कोणती आणि गृहप्रवेश कोणता हे कळण्याचे त्याला कारण नाही. म्हणून याज्ञिकांकडून विधींचा क्रम एका कागदावर लिहून घ्यावा : सीमांतपूजन, गौरीहर, आंतरपाट व मंगलाष्टके, कन्यादान, मंगळसूत्र, विवाहहोम, लाजाहोम, सप्तपदी. त्यातील कोणत्या विधीस किती वेळ लागतो आणि कोणता चुकता कामा नये, हे खुणा करून छायाचित्रकाराच्या हाती द्यावे. सप्तपदीच्या वेळी तांदळाच्या सात राशी, अग्नी, वधूवरांचे चेहरे आणि याज्ञिक एकाच चौकटीत येतील अशी जागा अगोदर ठरवावी. एकाच सुरेख चित्राऐवजी सात पावलांची सात साधी चित्रे घ्यावीत. चलच्चित्र घेणाऱ्याने हा भाग न तोडता, मंत्रांच्या आवाजासह सलग घ्यावा. मागाहून त्यावर गाणे चढवावयाचे असेल तर ते वेगळ्या प्रतीवर चढवावे.

अग्नीचा प्रश्न तर प्रत्यक्ष होमालाच लागू आहे. अनेक उपाहारगृहांत आणि जुन्या वाड्यांत उघड्या ज्वाळेस मनाई असते. आयत्या वेळी व्यवस्थापक होमकुंडावर आक्षेप घेतो आणि याज्ञिकांना निरांजनावर भागवावे लागते. जागेच्या करारातच ‘होमासाठी उघडा अग्नी’ हे कलम, त्याची जागा आणि वेळ यांसह लिहून घ्यावे. समुद्रकाठी वारा ज्वाळा टिकू देत नाही आणि सूर्य वधूवरांच्या पाठीमागे आला तर चेहरे काळे पडतात. तेव्हा आडोसा आणि दिशा या दोहोंचा विचार छायाचित्रकार व याज्ञिक यांनी आदल्या दिवशी त्याच वेळी जागेवर उभे राहून करावा. रंगीत दिव्यांची हौस संध्याकाळच्या समारंभात भागवावी. विधीच्या वेळी साधा प्रकाश बरा.

मुहूर्ताचीही अशीच गोष्ट. पंचांगातील वेळा भारतीय प्रमाणवेळेच्या असतात आणि लग्न तर स्थळानुसार बदलते. बालीचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे, थायलंडचे दीड तास पुढे; इटलीचे उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे. मुहूर्त त्या स्थळासाठी नव्याने काढून घ्यावा, आणि सर्व कॅमेऱ्यांची घड्याळे त्या स्थळाच्या वेळेवर एकाच बैठकीत लावून घ्यावीत. प्रत्येक चित्राबरोबर वेळेची नोंद आपोआप साठते. ती खरी असली तर विधीचा क्रम पुढे कोणी विचारल्यास तीच सांगते.

कचेरीतील नोंदणीचे छायाचित्र घेण्याची परवानगी आधी विचारावी. मिळाल्यास साक्षीदार, अधिकारी आणि सही करणारे वधूवर यांचे एकत्र चित्र घ्यावे. दाखल्याची व पारपत्राची स्वच्छ प्रत मात्र निराळी काढून जपून ठेवावी. पारपत्राचा क्रमांक दिसेल असे चित्र आनंदाच्या भरात जगजाहीर करू नये.

छायाचित्रकारालाही स्वतःचे कायदे आहेत. भारतातून नेलेला छायाचित्रकार परदेशी मेजवानीस जात नाही, कामास जातो. पर्यटकाच्या व्हिसावर मोबदला घेऊन काम करणे पुष्कळ देशांत गुन्हा आहे. थायलंड आणि इंडोनेशिया या दोन्ही देशांत परकीयास कामाचा परवाना लागतो. तो वेळेवर मिळणार नसेल तर तेथलाच छायाचित्रकार नेमावा आणि विधी समजावून सांगणारा घरचा माणूस त्याच्याजवळ उभा करावा. महागड्या कॅमेऱ्यांसाठी ‘अता कार्ने’ नावाचा तात्पुरत्या आयातीचा दस्त मिळतो. तो भारतात फिक्की ही संस्था देते आणि तो एक वर्ष चालतो. निदान निघताना आपल्या विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून यंत्रांची नोंद करून घ्यावी, म्हणजे परतताना त्यावर कर मागितला जात नाही. लिथियमच्या सुट्या विद्युतघटांना सामानाच्या पेटीत मनाई असते. ते हातातील पिशवीत न्यावे लागतात. ड्रोन उडविण्यास बहुतेक देशांत नोंदणी किंवा परवानगी लागते.

चित्रांची मालकी हा दुसरा मुद्दा. भारतात १९५७ च्या कायद्याप्रमाणे, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, काढावयास सांगणाऱ्याचा असतो. फ्रान्समध्ये आणि इंग्लंडात तो छायाचित्रकाराचा राहतो. इंग्लंडात खासगी प्रसंगाची चित्रे प्रसिद्ध न होऊ देण्याचा हक्क तेवढा काढवून घेणाऱ्यास आहे. म्हणून करारात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात : हक्क कोणाचा, प्रसिद्धी कोणाच्या परवानगीने, आणि मूळ चित्रे कोणास मिळणार. यातील तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे. भारतात २०२४ च्या १ जुलैपासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाप्रमाणे संगणकीय नोंद पुरावा म्हणून दाखल करताना, तिच्याबरोबर ते यंत्र ज्याच्या ताब्यात होते त्याचे आणि तज्ज्ञाचे प्रमाणपत्र लागते. सजवलेल्या, रंग पालटलेल्या प्रतीपेक्षा मूळ न बदललेली प्रत अशा वेळी उपयोगी पडते. ती दोन निराळ्या साठ्यांवर, दोन निराळ्या घरी ठेवावी. आणि छायाचित्रकाराचे नाव, पत्ता व कराराची प्रत त्यांबरोबर असावी.

विवाह परदेशातील कायद्यानेच लावला असेल तर परतण्यापूर्वी दाखल्याच्या निदान तीन प्रमाणित प्रती घ्याव्यात. १९६१ च्या हेग करारातील देशांनी परस्परांच्या सरकारी कागदांसाठी ‘अपोस्टील’ नावाचा एकच शिक्का मान्य केला आहे. भारतात हा करार २००५ पासून आणि इंडोनेशियात २०२२ पासून लागू आहे. तो शिक्का ज्या देशाने दाखला दिला त्याच देशात मिळतो, घरी आल्यावर नव्हे. त्याबरोबर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही घ्यावे. नावांकडे विशेष लक्ष द्यावे. मराठी रीतीत वडिलांचे नाव मधे येते, वधूचे नवे नाव अंगठीने तांदळात लिहिले जाते. परकीय कारकुनाला यातले काही ठाऊक नसते. दाखल्यावर पारपत्रातील नावच, त्याच अक्षरांत, आले आहे ना हे सही करण्यापूर्वी वाचून पाहावे. एका अक्षराची चूक तेथे दहा मिनिटांत दुरुस्त होते; पुढे तिच्यासाठी पुन्हा सागर ओलांडावा लागतो.

साराच क्रम थोडक्यात असा मांडता येईल. स्थळ ठरविण्यापूर्वी त्या देशाचा विवाहकायदा पाहावा. सहा महिने अगोदर, विवाह कायद्याने येथे करावयाचा की तेथे, याचा निर्णय दोन्ही घरांनी मिळून घ्यावा आणि एखाद्या जाणत्या वकिलाकडून तो तपासून घ्यावा. तीन महिने अगोदर नोटिसा, पत्रे आणि भाषांतरे मार्गी लावावीत. महिनाभर अगोदर याज्ञिक, जागेचा व्यवस्थापक आणि छायाचित्रकार यांनी विधींचा कागद एकत्र वाचावा. लग्नाच्या खर्चात या कामांचा वाटा अगदी अल्प असतो. वधूकडील वडील माणसाने ही जबाबदारी आपल्याकडे घ्यावी, हे उत्तम. कारण दाखला नसल्याचे ओझे पुढे बहुधा मुलीलाच वाहावे लागते. सप्तपदी चालू असताना पंगतीकडे वळलेल्या छायाचित्रकाराला हात धरून परत आणणारा एक माणूस त्या दिवशी मांडवात असला, तर त्या कुटुंबाने आपल्या मुलीची मोठीच काळजी घेतली असे म्हणता येईल.